घर मिळाले, पाळणा कोठे टांगावयाचा?

सोलापूर शहराच्या वेशीबाहेर कुंभारी येथे १९ जानेवारी २०२४ रोजी रे नगर वसाहतीतील पंधरा हजार घरांचे पंतप्रधानांच्या हस्ते लोकार्पण झाले. विडी वळणाऱ्या स्त्रिया, यंत्रमाग व हातमाग कामगार, फेरीवाले, कागदकाचपत्रा वेचणारे, वाहनचालक अशा अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी एकूण तीस हजार घरांची ही योजना. तिची पायाभरणी ९ जानेवारी २०१९ रोजी झाली होती. त्याच कुंभारीच्या परिसरात त्याआधी, गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची सुमारे दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली होती आणि २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचा ताबा कामगारांना मिळाला होता. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी दीर्घकाळ दिलेल्या लढ्याचे हे फळ होय. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याच्या भाड्याच्या खोलीत सूप मांडीवर घेऊन विड्या वळल्या, तिच्या नावावर स्वतःचे घर होणे ही लहान गोष्ट नव्हे. या यशाबद्दल कोणी नाक मुरडण्याचे कारण नाही.

तथापि, घर मिळाल्यानंतर पहिल्याच सोमवारी सकाळी त्या घरातील स्त्रीपुढे एक प्रश्न उभा राहतो. अशा समारंभांच्या भाषणांत तो सहसा येत नाही आणि योजनेच्या आराखड्यातही क्वचितच आढळतो. दीड-दोन वर्षांचे मूल दिवसभर कोणाजवळ ठेवावयाचे? नवऱ्याला कारखान्यावर जावयाचे आहे, तिला वळलेल्या विड्या जमा करून पाने आणि तंबाखू आणावयाची आहे, किंवा अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलांच्या घड्या घालण्यास जावयाचे आहे. जुन्या गल्लीत या प्रश्नाला उत्तर होते, म्हणून तो प्रश्न वाटत नव्हता. नव्या वसाहतीत उत्तर मागे राहिले आणि प्रश्न तेवढा बिऱ्हाडाबरोबर आला. नव्या जागी राहावयास गेलेल्या कुटुंबाने लहानग्यासाठी पाळणाघर कसे निवडावे, या वरवर घरगुती वाटणाऱ्या विषयाचा विचार म्हणूनच सार्वजनिक प्रश्न म्हणून झाला पाहिजे.

शेजार हाच पाळणा

सोलापूरच्या पूर्व भागात, साखर पेठेत, भद्रावती पेठेत किंवा दाजी पेठेत ज्यांनी वास्तव्य केले आहे, त्यांना जुन्या व्यवस्थेचे वर्णन करून सांगावयास नको. एकाच अंगणाभोवती पाच-सात बिऱ्हाडे. कोठे मागाचा खटका, कोठे कांड्या भरण्याचे काम, उंबऱ्याशी विड्या वळणाऱ्या बायका. आई कामासाठी बाहेर पडली की मूल एका उंबऱ्यावरून दुसऱ्या उंबऱ्यावर जाई. शेजारची अक्का त्याला भात भरवी, कोणाची तरी आजी थोपटून निजवी. या व्यवस्थेला कोणी पाळणाघर म्हटले नाही, तिची फी कोणी घेतली नाही आणि कोणत्याही सरकारी अहवालात तिची नोंद झाली नाही. परंतु शहराचा कापडधंदा आणि विडीधंदा ज्या अदृश्य आधारांवर उभा होता, त्यांतला हा एक मोठा आधार होता.

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचाही आमचा हेतू नाही. शेजारणीला सवड नसली की मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर येई आणि त्या बहिणीची शाळा तेथेच संपे. पूर्व भागातील किती मुलींचे शिक्षण धाकट्या भावंडाच्या पाळण्याशी थांबले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. तंबाखूच्या धुळीत रांगणारी मुले हे दृश्य तर इतके सरावाचे झाले की त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटेनासे झाले. गिरण्यांच्या काळात याहून भयंकर प्रकार होता. मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांची १९२० च्या दशकात एका डॉक्टर बाईंनी सरकारसाठी पाहणी केली, तेव्हा त्यांना असे आढळून आले की या स्त्रिया आपल्या तान्ह्या मुलांना जवळजवळ सरसकट अफू देत असत. ‘बाळगोळी’ या निष्पाप नावाने ती विकली जाई. मूल दिवसभर गुंगीत पडून राही आणि आई यंत्रावर उभी राही. त्या माता क्रूर होत्या असे कोण म्हणेल? मूल सांभाळावयास माणूस नव्हते, म्हणून अफूने ते काम केले. माणसाची जागा रिकामी राहिली की ती भरून काढण्यास काहीतरी येतेच, एवढाच त्याचा अर्थ.

बिऱ्हाड हलते तेव्हा नेमकी ही माणसाची जागा रिकामी होते. नव्या वसाहतींत घरांचे वाटप यादीप्रमाणे वा सोडतीने होते. वीस वर्षांची शेजारीण भलत्याच इमारतीत जाते किंवा जुन्या पेठेतच राहून जाते. सासू-सासऱ्यांना जुनी वस्ती सोडवत नाही. घर बदलणे म्हणजे चार भिंती बदलणे, असा समज करून घेतलेल्या नियोजनाला ही हानी दिसत नाही. कारण ती सिमेंटच्या पोत्यांत मोजता येत नाही.

निवडीचा हक्क कोणाला?

हा प्रश्न केवळ कुंभारीच्या कामगार वसाहतीचाच आहे असे मात्र नाही. सोलापुरात रेल्वेचे विभागीय कार्यालय आहे, बँका आहेत, विद्यापीठ आहे, फताटेवाडीला औष्णिक वीज प्रकल्प आहे. बदलीवर आलेली नोकरदार जोडपी जुळे सोलापुरात, विजापूर रस्त्यावर, होटगी रस्त्याच्या नव्या नगरांत भाड्याने घर घेतात. त्यांना या गावात कोणी ओळखत नाही. दोघांनाही दहाच्या ठोक्याला कचेरीत हजर व्हावयाचे असते. ही जोडपी पाळणाघर ‘निवडतात’ खरी. पण कशाच्या आधारावर? दारावरच्या रंगीत पाटीवर, भिंतीवर चितारलेल्या हत्ती-सशांवर, फीच्या आकड्यावर, फार तर घरमालकिणीच्या एका वाक्यावर. भाजी घेताना जितकी पारख केली जाते, तितकीही करण्यास या निवडीत त्यांना वाव मिळत नाही. सामान खोक्यांतून बाहेर काढून होण्याच्या आतच रजा संपलेली असते.

अशा वेळी पालकाने महापालिकेत जाऊन आपल्या प्रभागातील पाळणाघरांची, कोणीतरी पाहून आणि तपासून तयार केलेली यादी मागावी, ही कल्पनाच आपल्याकडे रुजलेली नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने खासगी बालशाळांसाठी मार्गदर्शक नियम तयार केले. पण त्यांचा रोख तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर आहे. ज्या वयात मुलाला काय झाले हे बोलूनही सांगता येत नाही, ते तीन वर्षांखालील वय त्यातून निसटते. २०१६ साली नवी मुंबईत खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बालिकेला झालेली मारहाण कॅमेऱ्यामुळे उघड झाली आणि महाराष्ट्र हादरला. त्यानंतर ठिकठिकाणी पाळणाघरांत कॅमेरे बसले, ते ठीकच झाले. परंतु कॅमेरा घडलेले दाखवितो. घडू नये यासाठी पुरेशी, शांत स्वभावाची आणि स्थिर नोकरीची माणसे लागतात.

तेव्हा चित्र असे आहे की, ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला निवड आहे पण माहिती नाही. आणि ज्याच्याजवळ पैसा नाही त्याची निवड थोरली मुलगी, दमलेली शेजारीण आणि बाहेरून लावलेली कडी या तिहींपुरती मर्यादित आहे.

पाहावयाचे ते काय?

ज्यांना निवड करणे शक्य आहे त्यांनी निदान काय पाहावे, याविषयी चार शब्द लिहिणे अस्थानी होणार नाही. कारण यातूनच सार्वजनिक व्यवस्थेकडून काय मागावयाचे हेही स्पष्ट होते.

पहिली गोष्ट म्हणजे भिंती न पाहता बाई पाहावी. मुले सांभाळणारी बाई तेथे किती दिवसांपासून आहे, तिच्या हाताखाली किती मुले आहेत आणि त्यांतली न चालणारी किती, हे विचारावे. दर तीन महिन्यांनी जेथे नवी बाई येते तेथे मुलाला दर तीन महिन्यांनी नव्याने घर सोडावे लागते. दुसरी गोष्ट, सकाळी अकरा वाजता सर्वच पाळणाघरे चांगली दिसतात. जावयाचे तर दुपारी तीनला, न कळविता जावे. तेव्हा बाया दमलेल्या असतात, मुले झोपेतून उठून किरकिरत असतात; त्या वेळी रडणाऱ्या मुलाला कोण उचलते आणि कोण खेकसते, हे जे दिसेल ते खरे. आणि पालकाला आगाऊ सूचना दिल्याविना आत येण्यास जेथे मज्जाव असेल, तेथून तसेच परत फिरावे.

सोलापूरला हवामानाचा आणि पाण्याचा विचार टाळता येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिसाच्या वर चढतो. पत्र्याच्या छपराखाली दुपारी निजविलेले मूल म्हणजे भट्टीत ठेवलेले मूल. कित्येक वर्षे चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणे हा या शहराचा परिपाठ होता. म्हणून पिण्याचे पाणी कोठे साठविले आहे, त्यावर झाकण आहे काय, पिंपापर्यंत मुलाचा हात पोहोचतो काय, हे प्रश्न येथील पालकाने विचारलेच पाहिजेत. जिना, गच्चीचे दार, रस्त्याकडचे फाटक, विजेची उघडी कळ या गोष्टी तर कोणत्याही गावी पाहावयाच्याच.

याहून क्वचित लक्षात येणारी बाब म्हणजे भाषा. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू अशा चार भाषा सोलापूरच्या एका रस्त्यावर ऐकू येतात. पद्मशाली घरातले मूल ‘नीळ्ळु’ म्हणून पाणी मागते, लिंगायत घरातले ‘नीरु’ म्हणते. नव्या जागी, अनोळखी बाईजवळ, तहान लागली हेच सांगता न येणे म्हणजे त्या जिवावर केवढे संकट! पाळणाघरातील एका तरी बाईला मुलाच्या घरची भाषा कळत असावी, ही चैनीची अपेक्षा नव्हे. पुढे ते मूल सहज मराठी शिकेल, त्याची घाई पहिल्याच दिवशी करण्याचे कारण नाही.

घराजवळचे पाळणाघर घ्यावे की कामाजवळचे, हा आणखी एक विवाद्य प्रश्न. अंगावर पिणारे मूल असेल तर आईच्या कामाजवळचे बरे. मूल मोठे असेल तर घराजवळचे, कारण तेथेच पुढे त्याचे सवंगडी आणि शाळा असणार आणि एखाद्या दिवशी आईला उशीर झाला तर शेजारचे माणूस त्याला घेऊन येऊ शकते. शेवटची गोष्ट, घर आणि पाळणाघर ही दोन्ही एकाच दिवशी बदलू नयेत. मूल नव्या घराला सरावेपर्यंत काही दिवस जाऊ द्यावेत. मग आईने वा आजीने पाळणाघरात प्रथम तासभर सोबत बसावे, मग अर्धा दिवस ठेवून पाहावे, आणि जुन्या घरातली त्याची चादर बरोबर द्यावी. हे सर्व करावयाचे तर आठ-दहा दिवसांची सवड लागते. रोजच्या हजार विड्यांवर चूल पेटणाऱ्या घरात ही सवड कोठून यावी? येथेच व्यक्तिगत सल्ल्याची मर्यादा संपते आणि समाजाचे कर्तव्य सुरू होते.

कायद्याची चाळण

या देशात पाळणाघरांचे कायदे नव्हते असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली सक्तीची केली. १९७६ च्या दुरुस्तीने ती मर्यादा तिसावर आणली. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यातही पाळणाघराची तरतूद होती. घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले, हे त्या कायद्याचे मोठेपण. परंतु पाळणाघराचे कलम ‘औद्योगिक जागे’पुरते होते. ज्या बाईची ओसरी हीच तिची कामाची जागा, तिला त्या कलमाचा काय उपयोग? कारखान्यात एकतिसाव्या बाईपाशी जबाबदारी उभी राहते असे दिसले की तिसाव्या बाईपाशी भरती थांबविण्याचा मोह मालकाला होई. शिवाय काम घराघरांत वाटून दिले की मालकाला खोलीही नको, पाळणाही नको.

२०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचाऱ्यांच्या प्रत्येक आस्थापनेवर पाळणाघराचे बंधन घातले आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा दिली. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या श्रमसंहितांनी जुने कायदे स्वतःत सामावून घेतले, तेव्हा हेच तत्त्व पुढे चालू राहिले. गणना केवळ स्त्रियांची न करता सर्व कामगारांची करावयाची, हा बदल निःसंशय स्वागतार्ह आहे. त्यामुळे बाई कामावर घेणे म्हणजे खर्च अंगावर घेणे, हा मालकाचा हिशेब चुकतो; आणि मूल हे एकट्या आईचे नसून बापाचेही आहे, हे कायद्याने प्रथमच आकड्यांत मान्य केले. परंतु सोलापूरच्या यंत्रमागाच्या किती शेडमध्ये पन्नास माणसे पटावर असतात? या धंद्याची घडणच लहान लहान शेडची. विडीकामाची घडण घराघरांत विखुरलेली. कायद्याच्या चाळणीतून सोलापूरची बहुसंख्य कामकरी माता अलगद खाली पडते.

सरकारी योजनांचेही तसेच. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तिच्यामुळे गावोगावी अंगणवाडी पोहोचली, हे या देशाने केलेल्या चांगल्या कामांपैकी एक होय. परंतु अंगणवाडी दिवसातून काही तासच भरते. तीन वर्षांखालील मुलाला तेथून आहार मिळतो, सांभाळ मिळत नाही. नोकरदार मातांच्या मुलांसाठी २००६ साली सुरू झालेली पाळणाघर योजना नावे बदलत बदलत आता ‘पालना’ या नावाने चालते. साडेसात तास आणि महिन्यातून सव्वीस दिवस, असे तिचे वेळापत्रक. तिच्याखाली अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची कल्पना आहे आणि ती उत्तम आहे. मात्र देशभरासाठी ठेवलेले लक्ष्य सतरा हजारांचे, आणि अंगणवाड्यांची संख्या चौदा लाखांच्या घरात! शंभरात एखाद-दुसरी अंगणवाडी, असे हे प्रमाण पडते.

रोमची चाळ आणि कोसबाडची टेकडी

नव्या वसाहतीतील मुलांचा प्रश्न जगात प्रथम आपल्यालाच पडला आहे असे नाही. रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत एका बांधकाम संस्थेने मोडकळीस आलेल्या चाळी दुरुस्त करून कामगार कुटुंबांना राहावयास दिल्या. आईबाप कामावर गेले की शाळेच्या वयात न आलेली मुले दिवसभर जिन्यांतून हुंदडत, भिंती खराब करीत. संस्थेने व्यवहारी हिशेब केला. दुरुस्तीवर पैसा घालविण्यापेक्षा तोच पैसा मुले सांभाळण्यावर खर्च करावा आणि त्यासाठी इमारतीतच एक खोली द्यावी, असे ठरले. ते काम मारिया मॉन्टेसोरी या डॉक्टर बाईंकडे सोपविण्यात आले. ६ जानेवारी १९०७ रोजी उघडलेली ती खोली म्हणजे जगप्रसिद्ध ‘बालकांचे घर’. आज महागड्या बालशाळांच्या पाट्यांवर झळकणाऱ्या मॉन्टेसोरी या नावाचा उगम कामगारांच्या चाळीतील एका खोलीत आहे, याचा आपणांस विसर पडला आहे. तेथील नियमांप्रमाणे बाई त्याच इमारतीत राहावयाची, मातांनी वाटेल तेव्हा येऊन पाहावयाचे आणि त्यांच्याकडून पैसा घ्यावयाचा नाही.

आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी हाच विचार येथील मातीत रुजविला. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केल्यानंतर त्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुली शाळेत का येत नाहीत, याचा शोध घेता त्यांच्या कडेवर धाकटी भावंडे असतात, हे या दोघींना दिसले. तेव्हा त्यांनी शाळेचा आग्रह धरून भावंडांना बाहेर ठेवले नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ची योजना केली. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली वर्गात. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा ‘अंगणवाडी’ शब्दाचा मूळ अर्थ. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत बांधकामाच्या जागेवरच सुरू केलेली फिरती पाळणाघरे याच जातीची. माणसांना कामासाठी वारंवार जागा बदलाव्या लागत असतील तर पाळणाही त्यांच्या मागोमाग गेला पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

या तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. पाळणाघर हा घरापासून वेगळा, नंतर सवडीने करावयाचा धर्मादाय नव्हे. ते घराचे, शाळेचे वा कामाच्या जागेचेच एक दालन आहे. वसाहतीचा नकाशा काढताना पाण्याची टाकी कोणी विसरत नाही. तद्वतच पाळणाघराची खोली विसरता कामा नये.

आक्षेप आणि उपाय

यावर काही आक्षेप घेतले जातील. विडी वळणारी बाई घरीच असते, तिला पाळणाघर कशाला, हा त्यांतला पहिला. घरी असणे म्हणजे मोकळे असणे नव्हे. कात्रीने पान कापताना, सूत गुंडाळताना डोळे हाताशी जखडलेले असतात. मूल आईजवळ असते, पण आईचे लक्ष त्याच्याजवळ नसते; आणि जेथे ते असते तेथे तंबाखू असते. दुसरा आक्षेप आपल्या संस्कृतीच्या नावाने येतो: आजी-आजोबा असताना परक्याच्या हाती मूल देण्याची ही पाश्चात्त्य थेरे कशासाठी? ज्या घरात आजी आहे, निरोगी आहे आणि तिला स्वतःला विड्या वळाव्या लागत नाहीत, त्या घराला पाळणाघर नकोच आहे. परंतु स्थलांतर म्हणजेच पुष्कळदा आजीपासून दूर जाणे, ही वस्तुस्थिती अभिमानाने बदलत नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो गंभीर आहे. १९७६ च्या कायद्यान्वये विड्यांवर उपकर बसवून विडी कामगार कल्याण निधी उभा राहिला होता. त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरकुलांना साहाय्य असे उपक्रम चालत. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर रद्द झाला. विडीकामगाराच्या हक्काचा, तिच्याच श्रमातून उगम पावणारा एक झरा आटला. आता जे मिळावयाचे ते सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतून, म्हणजे दरवर्षी मागून मिळवावयाचे. तेव्हा मागणी नेमकी आणि व्यवहार्य असली पाहिजे.

अशा तीन गोष्टी आम्ही सुचवितो. यापुढे शासनाच्या साहाय्याने उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या वसाहतीत ठरावीक घरांमागे एक घर पाळणाघरासाठी राखून ठेवावे. त्याचा खर्च घरांच्या एकूण खर्चात दिसणारही नाही. कुंभारीसारख्या ठिकाणी, जेथे अंगणवाडी आहे तेथे तिचे रूपांतर ‘पालना’खाली दिवसभराच्या पाळणाघरात करण्यास अग्रक्रम द्यावा आणि तेथील सेविका व मदतनीस त्याच वसाहतीतील, मुलांच्या भाषा जाणणाऱ्या स्त्रियांतून नेमाव्यात. त्यांचे मानधन पोट भरण्याइतके असावे, कारण अर्धपोटी बाईच्या मांडीवर परक्याचे मूल फार दिवस सुखाने निजत नाही. दुसरे, नव्या श्रमसंहितेत अनेक आस्थापनांनी मिळून सामाईक पाळणाघर चालविण्याची सोय आहे. अक्कलकोट रस्त्यावरील यंत्रमागधारकांनी आणि विडी कारखानदारांनी तिचा लाभ घ्यावा. ज्यांच्या पटावर पन्नास माणसे नाहीत त्यांनीही वर्गणी घालून सामील व्हावे. कामगार टिकत नाहीत ही त्यांची नेहमीची तक्रार आहे, तिचे एक उत्तर येथे आहे. तिसरे, महापालिकेने प्रभागवार पाळणाघरांची नोंदवही करावी. वर्षातून दोनदा आरोग्य निरीक्षकाने जाऊन मुलांची व बायांची संख्या, पाणी, छप्पर आणि बाहेर पडण्याची वाट एवढेच पाहून टिपावे आणि ती वही कोणाही पालकास वाचावयास मिळावी. यासाठी नवा कायदा लागणार नाही. एक कारकून, एक निरीक्षक आणि थोडी इच्छा एवढे पुरे. जुळे सोलापुरातील कारकुनाला आणि कुंभारीच्या विडी कामगाराला एकाच वहीचा उपयोग होईल.

सोलापूरने इंग्रजी अमदानीत गिरण्यांच्या भोंग्यावर उठणारे शहर म्हणून नाव मिळविले, पुढे चादरींनी त्याचे नाव देशोदेशी नेले. त्या गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले, माणसे मात्र काम शोधीत राहिली आणि घरासाठी झगडत राहिली. झगडून त्यांनी घर मिळविले. त्या घराच्या पहिल्या पिढीतील मूल आज दोन वर्षांचे आहे. ते शाळेत जाईपर्यंत आणखी चार वर्षे जातील, आणि योजना तयार होण्यासाठी लागणारा वेळ त्याच्या वाढीसाठी थांबून राहणार नाही. त्याची थोरली बहीण यंदा चौथीत आहे. तिने पाचवीत बसावे की भावाला कडेवर घेऊन दारात बसावे, याचा निर्णय त्या घरातील आई एकटीने घेऊ शकत नाही. वसाहतीत पाळणाघराची एक खोली असेल, तरच तो तिच्या हाती राहील.